गणेशोत्सव निधी : मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं

खजिनदार :
सर्वांना नमस्कार. परदेशातल्या आपल्या मंडळाच्या उत्सवातून उरलेली रक्कम विदर्भातल्या गरीब घरच्या एका मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनला द्यावी, असं कार्यकारिणीत ठरतंय. सूचना असल्यास रविवारपर्यंत कळवा.

सभासद, माहेर सालेकसा, जि. गोंदिया :
काका, हेतूबद्दल दुमत नाहीच. पण हे पैसे ऑपरेशनलाच द्यायचे का, याचा जरूर विचार व्हावा.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. आमच्याकडची माणसं रेल्वेने रायपूरही गाठतात. नवा रायपूरला २०१२ साली सुरू झालेल्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात. तरीही मुलं राहून जातात, ती वेगळ्याच खर्चापायी.

माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. दूध ओढता ओढता थांबायची, कपाळ घामाने डबडबायचं, वजन वाढेना. घरचे म्हणायचे, अंगकाठीच बारीक आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि चिठ्ठी दिली : इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. नेमकी भाताची रोवणी सुरू होती. नवरा-बायको दोघंही मजुरीवर. इकोला जायचं, तारीख घ्यायची, मग एकाने वॉर्डात आणि एकाने बाहेर मुक्काम करायचा. थोरलं पोर आणि बकऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवायच्या? चिठ्ठी तांदळाच्या डब्याखाली दिवाळीपर्यंत पडून राहिली.

छिद्र मोठं असलं तर असं थांबणं जिवावर बेततं. फुप्फुसांत जास्तीचं रक्त जात राहतं, तिथला दाब चढतो आणि एका हद्दीनंतर उतरतच नाही. मग छिद्र बुजवण्याची सोयही उरत नाही. आमची पोर वेळेत पोचली, सगळ्यांची पोचत नाहीत.

म्हणून बुडालेली रोजी, गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवणखाण आणि नंतरच्या तपासणीच्या फेऱ्या, यासाठी पैसे द्या. आणि ते घरून निघायच्या आधी हातात पडू द्या. आधी बिलं आणा म्हटलं, तर माणूस निघतच नाही.

हिशेब तपासनीस :
ताईंचं म्हणणं सोळा आणे पटलं. मात्र आपलं मंडळ परदेशी संस्था ठरतं, त्यामुळे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देणगी देता येईल आणि ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जमा होईल. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे गोंदिया-गडचिरोलीत स्वतः काम करणारी, कुटुंबाच्या हातात पैसे देणारी संस्थाच हवी. ताई, गावच्या आशाताईंना विचाराल का, दवाखान्याच्या वाऱ्यांत लोकांच्या मदतीला कोण येतं?

सभासद, सालेकसा :
आज रात्रीच फोन करते. त्या पेशंटसोबत स्वतः जातात, त्यांना नक्की ठाऊक असणार.

खजिनदार :
ठराव बदलतो. ‘ऑपरेशनचा खर्च’ काढून ‘प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि पुढच्या तपासण्या, आगाऊ’ असं घालतो. संस्थेचं नाव पक्कं झालं की मतदानाला टाकू.