अनुभव धागा: गाणे घरात कसे आले आणि त्याचे पैसे कुणाला मिळाले?

मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झाले. तेथील शेवटच्या दिवसांच्या गर्दीत मीही होतो. हातात दोन सीडी घेऊन रांगेत उभा असताना माझ्या लक्षात आले की गेली दहा वर्षे मी त्या दुकानात पाऊलही ठेवले नव्हते, आणि नेमक्या त्याच दहा वर्षांत माझ्याकडची गाणी मात्र कित्येक पटींनी वाढली होती. ती कुठून आली हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच सर्वांना विनंती आहे की आपल्या घरात गाणे कोणत्या वाटेने आले, त्यासाठी आपण किती मोजले आणि ते पैसे कुणाच्या हातात गेले, हे शक्य तितक्या तपशिलाने लिहावे. कृपया कुणा दुकानाचे वा व्यक्तीचे नाव घेऊन आरोप करू नयेत.

गिरगाव, निवृत्त, वय ७१

आमच्या तरुणपणी 'कॅसेट भरून घेणे' हा अगदी उघड व्यवहार होता. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट निवडायची आणि चार दिवसांनी ती घेऊन यायची. दुकानदार तबकड्यांवरून गाणी उतरवून देत असे, आणि एक बाजू संपताना गाणे मध्येच तुटू नये म्हणून यादीचा क्रम स्वतः जुळवून घेत असे. त्याची ती काळजी मी विसरलेलो नाही. परंतु त्या पैशांतील एक पैसाही गायकाला किंवा कवीला जात नाही, हा विचार माझ्या मनाला पुष्कळ वर्षे शिवला नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मला हवी होती ती जुनी नाट्यपदे, आणि ती ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर होती, ज्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. त्यांतील बहुतेक पदे बाजारात पुन्हा आलीच नव्हती. आज आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे १९३०-४० च्या दशकांतील ती मुद्रणे आता खुली झाली आहेत. त्या वेळी मात्र विकत घ्यायला वस्तू नव्हती आणि ऐकण्याची ओढ तर होती.

दादर, संगीताच्या दुकानात पंधरा वर्षे नोकरी

मी १९९४ मध्ये कामाला लागलो तेव्हा आमचा संसार कॅसेटवर चालत असे. सीडीची मांडणी काचेच्या कपाटात होती आणि तिची किल्ली मालकांकडे असे. पाच-सात वर्षांत ते कपाट सगळ्या दुकानभर पसरले, आणि तेवढ्यातच स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर एमपीथ्री सीडी आली. आमची सीडी शंभर-दीडशे रुपयांना आणि तीत आठ गाणी. पायरीवरची तीस-चाळीस रुपयांना आणि तीत दीडशे गाणी. यात जादू काही नव्हती. सीडीवर सातशे एमबी मावतात, दाबून लहान केलेले गाणे चार-पाच एमबीचे होते, आणि बाकीचा हिशेब गिऱ्हाईक स्वतःच करीत असे. लोक आमच्याकडे येऊन नवे गाणे ऐकत, माझ्याकडून चित्रपटाचे नाव नीट विचारून घेत आणि पुलाकडे जात. मला त्यांचा राग येत असे, पण माझ्या स्वतःच्या घरीसुद्धा धाकट्या भावाने आणलेल्या तशा दोन सीडी होत्या.

आणि आम्ही तरी कुठे स्वच्छ राहिलो? २००३ च्या सुमारास मालकांनी गल्ल्यामागे एक संगणक आणि सीडी रायटर ठेवला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या आवडीची सीडी राइट करून देण्याचे काम माझ्याकडे आले. दुकानातील मूळ सीडीच मी त्यासाठी वापरत असे. म्हणजे जो माल विकायला ठेवला होता, त्याचीच नक्कल आम्ही शेजारच्या खुर्चीत बसून करीत होतो. त्या कामाची मला आजही लाज वाटते, परंतु त्या दोन वर्षांत दुकानाचे भाडे त्यातूनच निघाले, हेही खरे आहे.

सर्वांत शेवटपर्यंत विकल्या गेल्या त्या आरत्यांच्या सीडी. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस दुकान पुन्हा पूर्वीसारखे भरलेले दिसत असे. २००९ मध्ये तेही थांबले. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरे मिळतात.

मुलुंड, संगणक अभियंता

नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातील गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय, जून १९९९ मध्ये सुरू झाले आणि जुलै २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे बंद पडले. तो काळ मी वसतिगृहात आणि घरच्या डायल-अपवर काढला. एका गाण्याला पंधरा-वीस मिनिटे लागत आणि तोवर घरचा फोन अडकून राहत असे. पैसे मोजले ते टेलिफोनच्या बिलात.

तेव्हा आम्हाला वाटे की गाणे जसेच्या तसे मिळाले आहे. प्रत्यक्षात सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट नोंदलेले असतात आणि आमच्या फाइलमध्ये १२८ होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आलेली एमपीथ्री पद्धत, मोठ्या आवाजामागे कानाला जाणवणार नाही असा भाग वगळते. चित्रपटगीतात ते फारसे कळत नाही. परंतु तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते. ते मला माझ्या आईने दाखवून दिले. मी राइट केलेल्या तीनशे सीडींपैकी निम्म्याहून अधिक आता वाचल्याच जात नाहीत, कारण त्यांच्यावरील रंगाचा थर काळानुसार खराब होतो. वडिलांनी विकत घेतलेल्या छापील सीडी मात्र व्यवस्थित वाजतात.

विलेपार्ले, तबलावादक

मला पैशांबद्दल तक्रार नाही, कारण संगतकाराला एकरकमी मानधन मिळत असे आणि सही झाली की कॅसेट शंभर खपोत वा लाख, आमचा संबंध संपे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित झाला, ही फार मोठी गोष्ट झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला होता. माझे नुकसान वेगळे आहे.

१९९८ मध्ये एका गायिकेच्या खयालांच्या कॅसेटला मी साथ केली. कॅसेटच्या डबीतील छापील कार्डावर तिच्या नावाखाली आम्हा दोघांची, म्हणजे माझे आणि संवादिनीवादकाचे, अशी नावे लहान टायपात छापली होती. माझ्या वडिलांनी ते कार्ड फ्रेम करून देव्हाऱ्याजवळ लावले. दहा वर्षांनी माझ्या शिकवणीतील एका मुलाने तेच मुद्रण मला मोबाइलवर ऐकवले आणि विचारले, "सर, हा ठेका कुणाचा आहे?" पडद्यावर 'ट्रॅक ०३' असे लिहिले होते आणि कलाकाराच्या रकान्यात कुठल्याशा डाउनलोडच्या संकेतस्थळाचा पत्ता होता. विलंबित एकतालातील शेवटची दोन आवर्तनेही कापली गेली होती, त्यामुळे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधीच द्रुत सुरू होत होते. मी त्याला सांगितले की तो ठेका माझा आहे. त्याने विश्वास ठेवला, पण हे सांगण्याची वेळ माझ्यावर यावी, याचे फार वाईट वाटले.

कुर्ला, मोबाइल दुरुस्ती

मी पाच वर्षे मेमरी कार्ड भरून दिली. दोन जीबीच्या कार्डाचे तीस रुपये घेत असे. 'नवी गाणी' आणि 'भक्तिगीते' असे फोल्डर तयार असत. कवीचे नाव कुणी विचारले नाही आणि मलाही ते ठाऊक नव्हते. वरील अनुभव वाचून आज प्रथमच त्याचा विचार केला.

बोरिवली, शिक्षिका

२०१२ मध्ये फ्लिपकार्टच्या 'फ्लाइट' या गाण्यांच्या ऑनलाइन दुकानातून मी पहिल्यांदा रीतसर पैसे देऊन गाणी उतरवून घेतली. एका गाण्याची किंमत एका वडापावाएवढी होती, आणि तरीही घरात सर्वांनी विचारले की फुकट मिळत असताना हे कशासाठी. ते दुकान पुढच्याच वर्षी जूनमध्ये बंद झाले. परंतु त्या फायलींना नक्कल रोखणारे कुलूप नसल्यामुळे त्या अजूनही माझ्याजवळ आहेत. आता महिन्याची वर्गणी भरून ऐकते.

गिरगाव, पुन्हा

विलेपार्ले येथील तबलावादकांचे लिहिणे वाचून मी आणि माझ्या नातीने जुनी खोकी उघडली. माझ्याकडे विकत घेतलेल्या कॅसेटही पुष्कळ आहेत आणि त्यांची कार्डे शाबूत आहेत. नात संगणकावरील प्रत्येक फाइलला कार्डावरून पाहून नावे जोडते आहे: गायक, कवी, संगीतकार आणि त्यानंतर सर्व साथीदार. आतापर्यंत सत्तावीस कॅसेट झाल्या. नाट्यसंगीताच्या एका कॅसेटच्या कार्डावर २००५ मधील २६ जुलैच्या पुरात पाणी गेल्यामुळे ऑर्गनवादकाचे नाव पुसले गेले असून आडनावाच्या शेवटी केवळ 'कर' एवढेच वाचता येते. कार्डाच्या उरलेल्या भागाचे छायाचित्र येथे देतो आहे. दादरच्या दुकानातील दादांनी ती कॅसेट कधी विकली असेल आणि ते नाव त्यांना आठवत असेल, तर कृपया कळवावे.