थंडीला कंटाळून, घर परवडतंय म्हणून कोकणात आलेल्यांनो, अनुभव लिहा

निफाडची लेक

काल माळ्यावरची ट्रंक खाली काढली. लेकाला शाळेच्या नाटकात म्हातारा व्हायचंय, त्याला घोंगडी हवी होती. सासूबाईंची जाड काळी घोंगडी निघाली. उलगडली तर घडीच्या आत पांढरी-हिरवी बुरशी. इतकी वर्षं कुणी अंगावर घेतलीच नव्हती. तिथेच स्टुलावर बसून राहिले थोडा वेळ.

आम्ही निफाड तालुक्यातले. बातम्यांत राज्यातलं सर्वात कमी तापमान म्हटलं की पुढे बहुतेक वेळा आमचंच नाव. पारा खाली आला की सासरे पहाटे तीनला उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, पाणी सोडायचे, नाहीतर मण्यांना तडे. आणि सासूबाईंना दमा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे भिंतीला उशी लावून रात्रभर बसून. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस समुद्राकाठी ठेवून बघा. त्यात ह्यांची बदली रत्नागिरीला झाली. नाशकात फ्लॅट बघत होतो तर आकडे ऐकून आम्हालाच दमा लागायची पाळी. तेवढ्याच पैशांत इथे कुवारबावला एक खोली जास्त आणि वर गॅलरी.

2017 च्या नोव्हेंबरात आलो. पहिला डिसेंबर मला जन्मभर आठवेल. सासूबाई रोज दिवेलागणीला स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून गॅलरीत बसायच्या. कपाळावरून घाम. म्हटलं आई, काढा तो स्वेटर. तर, "अगं येईल. अजून यायची आहे." आलीच नाही.

जानेवारीत शेजारच्या काकू कढीलिंब मागायला आल्या आणि म्हणाल्या, "यंदा थंडीच नाही हो. मोहोर कसा यायचा?" सासूबाई बघतच राहिल्या. काकू गेल्यावर मला म्हणतात, "थंडी मागतात ही माणसं?"

दम्याला त्या हिवाळ्यात खरंच उतार पडला. पण जून लागला आणि भिंतींना ओल आली, कपाटात वास, मग परत खोकला. म्हणजे हिवाळ्यातला दमा पावसाळ्यात गेला एवढंच. त्या गेल्या 2021 ला. शेवटपर्यंत सकाळी निफाडचं तापमान बघायच्या आणि आकडा खाली गेला की गावाकडे दिराला फोन, "बाग झाकली का रे?"

तुमचं सांगा. का आलात, काय मिळालं.

सड्यावरचा

ताई, कुवारबाव म्हणजे आता शहरच झालं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, या एकदा जानेवारीत. पहाटे मतलई वारा सुटला की कातळावर उभं राहवत नाही. साडेनऊ-दहाला वारा फिरतो, समुद्रावरचं खारं वारं सुरू होतं, मग दुपारी परत बनियनवर. कोकणातली थंडी पहाटे चार ते आठ अशी ड्युटी करते.

बांद्याचो बाबल्या

आमच्याकडे थंडी म्हणजे काय ता सांगू? फॅन पाचावरसून तिनावर येता. तेवढीच. तेच्यातय म्हातारे मफलर बांधून फिरतत. आणि दोन दिवस जरा गारठो पडलो काय आमचो बापूस सांगता, यंदा काजी बरे येतले.

बोर्डिंग रोड

रत्नागिरीत थंडीपासून सुटका करून घ्यायला आलेले पहिले तुम्हीच असाल ताई. बाकीच्यांना इथे शिक्षा म्हणून पाठवायचे. थिबा राजाला इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून ठेवला, राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 ला इथेच गेला. ताबा उशिरा मिळालेला रत्नागिरीतला पहिला ग्राहक.

निफाडची लेक

@बोर्डिंग रोड 😂 आमच्या बिल्डरने तरी दीड वर्षातच दिला हो.

वाशिष्ठीकाठ

मी सोलापूरहून. थंडीचा प्रश्न नव्हता, उन्हाचा होता, पण धागा तोच समजा. 2019 ला चिपळुणात तळमजल्याचा वन बीएचके घेतला. बाजारापासून पाच मिनिटं आणि वरच्या मजल्यापेक्षा चांगला दीड लाखाने स्वस्त. आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला, असा विचार. इतका स्वस्त का, हा प्रश्न मी विचारला नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

22 जुलै 2021. पहाटे संडासातून पाणी उलटं यायला लागलं. आईला आणि गॅस सिलिंडरला घेऊन वर गेलो. सिलिंडर का घेतला ते अजून मला कळलेलं नाही. कागदपत्रं खालीच राहिली. पहिल्या मजल्याच्या जिन्यावर उभं राहून आपलंच घर पाण्याखाली जाताना बघितलंय. पाणी उतरल्यावर चिखल तीन दिवस काढत होतो. फ्रिज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला होता, आडवा.

तर घर बघायला जाल तेव्हा एजंटाला विचारू नका. समोरच्या वाण्याला विचारा, 2005 ला पाणी कुठवर होतं आणि 2021 ला कुठवर. तो हात वर करून भिंतीवर दाखवेल. आम्ही आता दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. आई काठी टेकत चढते. चिपळूण सोडवत नाही, का विचारू नका.

दोन मुलांची आई

सिलिंडर वाचून हसू की रडू कळेना. आमच्या सासऱ्यांनी निसर्ग वादळात छत्री वाचवली होती.

आंबेवाला गवाणकर

निफाडच्या आजींचं वाचून बरं वाटलं. बागायतदाराचं दुःख बागायतदारालाच कळतं, पीक कुठलंही असो. पण एक सांगतो, थंडी हवी म्हणजे कितीही हवी असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरला रात्री गार पडल्या की पालवी थांबते आणि मोहोर धरतो. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर परत कडक थंडी आली तर त्याच फांदीवर दुसऱ्यांदा मोहोर फुटतो आणि आधीचं फळ गळून जातं. पुनर्मोहोर म्हणतात. आणि मध्येच ढगाळलं की तुडतुडा. मग फवारणी, परत फवारणी. म्हणजे आम्ही थंडी मागतो पण माप घालून मागतो.

(गवाणकर हे नाव आयडीपुरतं आहे, बाग मात्र खरी आहे. कलमं 140.)

कल्याणची माहेरवाशीण

पेटीचा भाव काय राहील यंदा?

आंबेवाला गवाणकर

ताई, अजून मोहोर यायचाय.

कोळथऱ्याकडची मास्तरीण

दापोली कुणीच धरली नाही अजून? आमच्याकडे थंडी आहे हो, चांगली कुडकुडणारी. उगाच नाही मिनी महाबळेश्वर म्हणत. कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने सकाळी फिरायला गेलं की बोटं बधिर होतात. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आले आणि थंडी टळेल म्हणून आनंदात होते, पहिल्याच डिसेंबरात दापोलीच्या बाजारातून रजई घेतली. तीच खाली बंदरावर हर्णैला गेलं की नको वाटते. पंधरा-सोळा किलोमीटरचा फरक. त्यामुळे "कोकणात थंडी नसते" असं कुणी सांगितलं तर विचारा, कुठलं कोकण? घाटाच्या पायथ्याचं, सड्यावरचं, की बंदराचं?

दोन मुलांची आई, निसर्ग आठवलं तुमच्यामुळे. 3 जून 2020. शाळेचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. लाइट यायला महिना गेला आमच्याकडे. सुपारीच्या बागा झोपल्या त्या काहींच्या अजून उभ्या नाहीत. मुलं अभ्यास कंदिलावर करत होती आणि मी मोबाइल चार्ज करायला एसटी स्टँडला जात होते.

नोकरी घरून

मी पुण्याहून मालवणला, कंपनीने घरून काम चालू ठेवलंय तोवर. भाडं पुण्याच्या निम्म्याहून कमी. आई म्हणाली तुला मासे खायला मिळतील, मजा आहे. आले 10 जूनला. कुणीही सांगितलं नाही की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दोन महिने सुका बांगडा आणि कुळथाची पिठी. आता पिठीशिवाय जेवण होत नाही ती गोष्ट वेगळी.

नेटचं म्हणाल तर बरं आहे. वीज जाते तेव्हा बॉस मीटिंगमध्ये विचारतो, मागे कसला आवाज, मी सांगते पाऊस. तो म्हणतो म्यूट कर. कशी करू पाऊस म्यूट?

शेतघर हवंय

मी ठाण्यात. गुहागर साइडला पाच-सहा गुंठे बघतोय, एकाने फोटो पाठवलेत, समुद्र दिसतो म्हणे. भाव इतका कमी आहे की विश्वास बसत नाही. कुणी घेतलंय का असं?

डोंबिवली ते लांजा

@शेतघर हवंय विश्वास बसत नाही ना, मग बसवू नका. आधी सातबारा बघा. सातबाऱ्यावर सतरा नावं असतील, त्यातली नऊ मुंबईत, दोन वारलेली, एक सुरतला. सामाईक जमीन. एकाने विकली तरी बाकीचे उद्या उभे राहणार. कुळाचं नाव आहे का तेही बघा. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन घेताच येत नाही, बिनशेती झालेलीच घ्यावी लागते. "नंतर एनए करून देतो" ह्या वाक्यावर माझ्या मेव्हण्याचे पैसे चार वर्षं अडकलेत. फोटोतला समुद्र खरा असतो, रस्ता नसतो. दुसऱ्याच्या बांधावरून वाट असेल तर तो गडगा घालणार, लिहून ठेवा.

आता माझं. 34 वर्षं डोंबिवली, रिटायर झालो, खोली विकली आणि गावी चिऱ्याचं घर बांधलं. मंगलोरी कौलं हौसेने घातली. माकडांनी पहिल्या महिन्यात वीसेक फोडली. आता वर पत्रा आणि मनात कौलं. पाऊस एवढा पडतो की भात सोडून काही सुचत नाही, आणि एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. जांभा सगळं पाणी पिऊन टाकतो. मुंबईला नळाला पाणी नव्हतं तेव्हा ओरडायचो, इथे ओरडायला नळच नाही.

घर स्वस्तात झालं, पण मागच्या वर्षी बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्री आंबा घाटातून कोल्हापूर गाठलं. ती मागे झोपलेली, मी पुढे, ड्रायव्हर एक शब्द बोलत नव्हता. त्या रात्री डोंबिवलीची खोली आठवली, खालीच दवाखाना होता. आता ती ठीक आहे. काल फणसाची कुयरी (कोवळा फणस) कधी लागणार म्हणून झाडाखाली उभी होती.

निफाडची लेक

काका, काकूंची काळजी घ्या. रात्री घाट म्हणजे नुसतं वाचून पोटात गोळा आला.

सड्यावरचा

मुलगी असेल तर घर तिच्या नावावर घ्या, किंवा बायकोच्या. महिलेच्या नावाने मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. बायको खूश, आणि भांडण झालं तर आपण कुठे जायचं तेही ठरलेलं.

मांडव्याचा जेट्टीवाला

अलिबागचं नाव ह्या धाग्यात कुणी काढू नका. परवडणारं घर म्हणे. रोरो (मुंबईहून गाड्या घेऊन येणारी बोट) सुरू झाली आणि आमच्या गावात आम्हीच भाडेकरू झालो. वाडीचा भाव ऐकून आजा म्हणाला, मग माझी पण किंमत काढा.

थंडी मात्र आम्ही मोजतो पोपटीने. वालाच्या शेंगा आल्या, भांबुर्डीचा पाला आला, मडकं उलटं केलं आणि पेंढा-गोवऱ्या पेटवल्या की थंडी आली. स्वेटर कोण बघतो.

बांद्याचो बाबल्या

पोपटी म्हणजे काय ता आमका ठाऊक नाय. पक्षी काय?

मांडव्याचा जेट्टीवाला

अरे देवा. ये तू अलिबागला जानेवारीत. शेंगा, अंडी, बटाटे, मीठ-ओवा लावलेली कोंबडी, सगळं पाल्यात. पाणी नाही, तेल नाही.

नोकरी घरून

स्कूटर गंजतेय त्यावर काही उपाय आहे का कुणाकडे? किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर राहते. सायलेन्सर हातात येईल असं वाटतं.

वाशिष्ठीकाठ

रोज गोड्या पाण्याने धुवा. माझी तर तीन दिवस पाण्याखाली होती, तरी चालते. आवाज करते.

आंबेवाला गवाणकर

हवेतच मीठ आहे ताई. माणसं पण गंजतात, फक्त दिसत नाहीत.

दोन मुलांची आई

@निफाडची लेक घोंगडीचं काय केलं? लोकर असेल तर गरम पाण्यात घालू नका, आटेल. आधी बाहेर कडक उन्हात झटका, तोंडाला रुमाल बांधून, बुरशी नाकात जाते. मग रिठ्याच्या पाण्यात थंडच. पिळायची नाही. आणि ट्रंकेत परत टाकू नका, गॅलरीत दांडीवर राहू दे. इथे बंद केलेलं काहीही टिकत नाही. आमच्याकडे लग्नातला शालू गेला असा.

निफाडची लेक

झटकली. ऊन दिलं दोन दिवस. रिठे आणलेत. लेक घोंगडी पांघरून आरशासमोर खोकण्याची प्रॅक्टिस करतोय, हुबेहूब आजीसारखा खोकतो. त्याला ती फारशी आठवतही नाही. हे म्हणाले, बघवत नाही, बंद कर ते.

शेजारच्या काकूंनी दांडीवर बघितली आणि ओरडल्या गॅलरीतून, "काय हो, थंडी पडायची चिन्हं दिसतात का?" म्हटलं, तुमच्या मोहोरासाठीच बाहेर काढलीय.

कल्याणची माहेरवाशीण

मांडवावाले दादा, तो भांबुर्डीचा पाला कल्याणमध्ये कुठे मिळेल? मंडईत विचारलं तर भाजीवाला पालक देतोय.

मांडव्याचा जेट्टीवाला

विकत मिळत नाही ताई. शेताच्या बांधावर उगवतो. रविवारी पुतण्या डोंबिवलीला चाललाय, गोणीभर पाठवतो. स्टेशनवर या, मडकं तुमचं तुम्ही आणा.