ऑस्टिया : बंदर हलल्यावर शहर कसे वाढले?

प्रश्न
टायबर नदीच्या मुखावरचे ऑस्टिया हे रोमचे बंदर गाळाने भरल्यामुळे ओस पडले, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. परंतु क्लॉडियस बादशहाने इ.स. ४२ च्या सुमारास उत्तरेला साधारण ३ किलोमीटरवर पोर्तुस हे नवे बंदर बांधायला घेतले, आणि ऑस्टियाची खरी भरभराट मात्र त्यानंतरच्या दुसऱ्या शतकातली आहे. याची संगती जाणकारांनी कृपया लावून द्यावी.

पहिले उत्तर
मुळात ऑस्टियाला मोठ्या जहाजांचे बंदर असे कधी नव्हतेच. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असल्यामुळे जड जहाजे बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकून माल पडावांत उतरवीत, आणि अलेक्झांड्रियाहून येणारा गहू तर दूर दक्षिणेला नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरातच उतरत असे. क्लॉडियसचे बंदरही फारसे सुरक्षित ठरले नाही, इ.स. ६२ च्या वादळात तिथे आत उभी असलेली सुमारे २०० जहाजे नष्ट झाल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. पुढे ट्राजन बादशहाने आत षट्कोनी गोदी खणून घेतली, तेव्हा कुठे मोठी वाहतूक इकडे स्थिरावली.

या वाहतुकीवर पोसले गेले ते ऑस्टियाच, कारण धक्के पोर्तुसला असले तरी व्यापारी, नावाडी आणि हमाल यांचा मोठा भाग राहत होता ऑस्टियातल्या मजली विटांच्या इमारतींत. नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या दालनांपुढे काळ्या-पांढऱ्या खड्यांची चित्रे आजही दिसतात. आफ्रिकेतल्या सब्राथाच्या दालनापुढे हत्ती आहे. काही वखारींची जमीन तर धान्याला ओल लागू नये म्हणून बुटक्या भिंतींवर उचललेली आहे.

दुसरे उत्तर
वरील विवेचनाशी सहमत आहे. गाळाला जरा जास्तच दोष दिला जातो. तिसऱ्या शतकातल्या अस्थिरतेत व्यापार रोडावला आणि कॉन्स्टंटाईन बादशहाच्या काळात पोर्तुसला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा ऑस्टियाचा आधारच सुटला. तरीही चौथ्या शतकात इथे संगमरवरी फरशांची श्रीमंती घरे होती, आणि संत ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत असताना ३८७ साली इथेच वारली. त्यानंतरच्या स्वाऱ्या आणि हिवताप यांनी उरलीसुरली वस्ती उठवली. नदीने पात्र बदलले ते १५५७ च्या पुरात, म्हणजे शहर मोडल्यावर कितीतरी शतकांनी.