एक बेल, दोन बटणं: दोन्ही एकदम दाबली तरच वाजते, काय चुकलंय?

सहकारनगरकर:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचं सहकारनगरला जुनं रो हाउस आहे, हॉलमध्ये साधी टिंगटाँग बेल, 230 व्होल्टवाली, बटण पुढच्या दाराला. मागे किचनच्या बाजूला पण एक दार आहे, कामाच्या मावशी आणि दूधवाले काका तिकडूनच येतात आणि आई टीव्हीसमोर बसली असली की कडी वाजवलेली तिला ऐकूच येत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात वायरमनला बोलावून मागे पण बटण बसवून घेतलं. तेव्हा नेमकी लाइट गेलेली, त्यामुळे चेक न करताच तो गेला. संध्याकाळी बघतो तर पुढचंही वाजेना आणि मागचंही वाजेना. काल बायको पुढे, मी मागे, फोनवर बोलत एकदम दाबलं तेव्हा वाजली! आता तो फोन उचलत नाहीये. बेल बदलू का? आणि पुढचं बटण फाटकावर न्यायचं डोक्यात आहे, घरापासून 40 फूट असेल, चालेल ना?

फेज_न्यूट्रल:
बेल बदलू नका, ती चांगली आहे. बटणं सिरीजमध्ये लागलीत म्हणून दोन्ही दाबल्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही. तुम्हाला पॅरलल पाहिजे. म्हणजे बोर्डातून आलेला फेज दोन्ही बटणांच्या एकेका स्क्रूला, दोन्हींचे उरलेले स्क्रू एकत्र करून बेलच्या एका वायरला, आणि बेलची दुसरी वायर सरळ न्यूट्रलला. न्यूट्रल बटणातून न्यायचा नाही, नाहीतर बटण सोडलेलं असतानाही बेलमध्ये फेज राहतो.

माझा अंदाज, त्याने पुढच्या बटणाची फेजची वायर सोडून तिला नव्या दोन वायरींपैकी एक जोडली आणि दुसरी बटणाच्या रिकाम्या स्क्रूला लावली. तसं असेल तर नवीन वायर ओढायला नको. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग फेजचा तो जॉइंट एका स्क्रूखाली घ्या आणि नवी दुसरी वायर काढून जिथे बेलची वायर आहे त्या स्क्रूखाली घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. पण हात बसलेला नसेल तर दुसरा वायरमन बोलवा, त्याला हे वाचून दाखवा.

स्वाती_औंध:
फाटकावर 230 अजिबात नेऊ नका, कळकळीने सांगतेय. आमच्याकडे होतं तसं. जुलैत बटणात पाणी शिरलं, कुरियरवाल्या मुलाला झिणझिण्या आल्या, नशीब त्याच्या पायात रबरी बूट होते. त्यानंतर चार दिवसांनी बटण आतच अडकून बसलं, आम्ही बाहेर गेलेलो, बेल नुसती गुणगुणत राहिली आणि कॉइल जळाली. टिंगटाँगमध्ये दाबल्यावर दांडा एका पट्टीवर आपटतो, सोडल्यावर स्प्रिंगने मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर, मधला सगळा वेळ कॉइलमधून करंट चालूच असतो. सतत दाबून धरायला ती बनवलेलीच नसते.

फेज_न्यूट्रल:
स्वातीताई बरोबर बोलतायत, मी फाटकाचं उत्तर द्यायला विसरलो. तिकडे 12 व्होल्टच न्या. घरात बोर्डाजवळ 12 व्होल्ट डीसी अडॅप्टर आणि 12 व्होल्टचा रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) एका बंद डब्यात बसवा, दोन्ही बटणं 12 व्होल्टच्या बाजूला पॅरलल, आणि रिलेचा कॉन्टॅक्ट बेलला 230 देईल. छोट्या रिलेची कॉइल साधारण 30 मिलीअँपिअर घेते त्यामुळे 40 फुटांत व्होल्टेज पडायची काळजी नाही. रिलेच्या कॉइलवर उलटा एक 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) टाका, त्यावरचा पट्टा प्लसकडे, बटणाचे कॉन्टॅक्ट ठिणगीने खराब होत नाहीत. 12 ची वायर 230 च्या पाइपमधून नेऊ नका, वेगळी न्या. आणि बटण पावसात चालणारं सीलबंद घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकलच्या बाजारात, हे सगळं मिळेल. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने तोही बसवून टाका.

सहकारनगरकर:
खूप आभार दोघांचे. फाटकावर 230 चा विषय संपला. अजून एक विचारू का, आईचे गुडघे दुखतात, बेल वाजली की ती आधी पुढे जाते आणि तिथे कोणी नसलं की मग मागे. कुठलं बटण दाबलं ते आवाजावरून कळलं तर तिचा हेलपाटा वाचेल.

फेज_न्यूट्रल:
होईल की. तीन टर्मिनलचा चाइम असतो त्यात एका बटणाला टिंगटाँग आणि दुसऱ्याला नुसतं टिंग वाजतं, पण आपल्याकडे दुकानात बहुतेक दोन वायरच्याच बेल दिसतात. तुमची 12 व्होल्टची लाइन होणारच आहे तर किचनमध्ये एक 12 व्होल्टचा बझर लावा. मागचं बटण बझरला थेट, आणि तिथूनच एक डायोड रिलेकडे, पट्टा रिलेच्या बाजूला. पुढचं बटण थेट रिलेला. मागून दाबलं तर टिंगटाँग आणि बझर दोन्ही वाजतील, पुढून दाबलं तर डायोड करंट बझरकडे जाऊ देणार नाही, नुसतं टिंगटाँग. आई हॉलमध्ये असल्या तरी बेल चुकणार नाही. फक्त बझर जरा मोठ्या आवाजाचा घ्या, हॉलपर्यंत ऐकू आला पाहिजे.

सहकारनगरकर:
आज दुसऱ्या वायरमनकडून सगळं करून घेतलं. तुमचा अंदाज बरोबर निघाला, फेजचा जॉइंट टेप लावून बॉक्समध्येच कोंबलेला होता. सीलबंद बटण आणायचंय म्हणून फाटकाची वायर सध्या गुंडाळून ठेवलीये, पुढचं जुन्याच जागी 12 व्होल्टवर चालू आहे. मघाशी बझर वाजला आणि आई सरळ मागच्या दाराकडे गेली, मावशी आल्या होत्या.