अनुभव धागा: मराठी लिहिताना शुद्धलेखन तपासनीस वापरता का?

इंग्रजीत चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, तशी मराठीतही आणता येते हे मला फार उशिरा कळलं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसला मराठी शब्दकोश जोडला आणि शाळेपासून मानगुटीवर बसलेलं ऱ्हस्व-दीर्घाचं भूत उतरलं. 'सून' दीर्घ, पण 'सुनेला' ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे १८ नियम शिकले होते, तरी ओघात हात चुकायचाच. आता मनात येईल तसं लिहून काढते, रेघांकडे नंतर बघते. तुमचे अनुभव लिहा, अडलेलंही लिहा.

*

मी २२ वर्षं मुद्रितशोधन केलं. रात्रीच्या शेवटच्या फॉर्मपर्यंत (एकत्र छापायच्या पानांचा संच) डोळे दमायचे, यंत्र दमत नाही. 'परिक्षा', 'आशिर्वाद', 'क्रिडा' ते बिनचूक पकडतं. पण एका संस्थेच्या पत्रिकेत 'वर्धापन दीन' असं सुटं लिहिलेलं तसंच छापून गेलं. दीन म्हणजे गरीब, हाही शब्द कोशात आहेच, मग रेघ कशाला येईल? तेव्हापासून दिन-दीन, शिर-शीर, पाणी-पाणि अशा जोड्या मी शोधून शोधून वाचतो.

*

बरोबर शब्दालाही रेघ का येते, ते सांगतो. हे तपासनीस बहुधा हंस्पेल नावाच्या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामवर चालतात. हंस्पेल मुळात हंगेरियनसाठी तयार झालं. तीही आपल्यासारखीच शब्दाला प्रत्यय चिकटवणारी भाषा. एका फाइलमध्ये मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. 'घर' असतं, 'घराला' जमतं, पण 'घरातल्यांच्यासुद्धा' म्हटलं की नियम अपुरे पडतात. असा शब्द 'कोशात घाला' म्हणून टाकावा, मात्र बघून. मी घाईत 'उज्वल' घातला आणि महिनाभर सगळीकडे एक 'ज' कमीच लिहीत राहिलो.

*

मी मालवणीत लिहितो. 'माका', 'तुका', 'खंय'... पानभर लाल! लेखणीच आखडायची. आता मालवणीचा वेगळा कोश केलाय, स्वतः शब्द घालून. चारशेच्या वर झालेत. आईला विचारून घालतो.

*

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, सातवीत आहे. लिहिता येणार नाही असे शब्द तो टाळायचा. तोंडी 'भव्य' म्हणायचा, वहीत 'मोठा' लिहायचा. निबंध चार ओळींत संपायचा. बाई शुद्धलेखनाचे गुण कापत, त्यापेक्षा ते गिळलेले शब्द माझ्या मनाला लागायचे. वर्षभर तो संगणकावर लिहितोय. रेघ आली की उजवं बटण दाबतो, पर्याय मोठ्याने वाचतो, कानाला बरोबर वाटेल तो घेतो. कधी चुकीचाही घेतो, घेऊ दे. परवा राजगडहून आल्यावर आजोबांना पत्र लिहिलं. 'चिलखती बुरूज' आणि पुढच्याच ओळीत 'बुरुजावर', दोन्ही बरोबर. संजीवनी माचीवरच पाऊण पान आहे.