मोठ्या दिरांच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. प्रश्न घरातला आहे, पण त्यात कायदाही आहे आणि माझा पगारही. घरात कुणाला विचारावं तर प्रत्येक जण एका बाजूचा आहे. म्हणून इथे विचारते. माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

माझे मोठे दीरही जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत. आम्ही दोघं एकाच शिक्षक पतसंस्थेचे सभासद. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. मुलाला व्यवसाय टाकून द्यायचा म्हणून त्यांना संस्थेतून १५ लाख हवे आहेत. आधीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. ते नवं-जुनं करायचं, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडायचं, आणि उरलेली रक्कम हातात घ्यायची, असा त्यांचा बेत आहे. संस्थेला सभासदांपैकी दोन जामीनदार लागतात. एक त्यांच्या शाळेतले सहकारी तयार आहेत, आणि दुसरी मी, हे त्यांनी धरूनच चाललंय. फॉर्म घरी आणून दिलाय. माझं नाव, शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी प्रणालीतला माझा क्रमांक), मूळ वेतन सगळं त्यांच्या सुंदर अक्षरात भरलेलं आहे. सही तेवढी बाकी.

आता आमच्या घराबद्दल. यांची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळाली, पण पगार आधीच्या निम्म्यावर आला. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो आणि हातात येणाऱ्या रकमेतला मोठा भाग तिथेच संपतो. मुलगी दहावीत आहे, मुलगा सातवीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांच्या औषधांचा खर्च दर महिन्याचा. मी २००८ साली लागले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरची. जुनी पेन्शन मला नाही. माझे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के एनपीएसमध्ये (बाजाराशी जोडलेल्या नव्या पेन्शन योजनेत) जातात, त्यातून निवृत्तीनंतर काय हाती लागेल ते बाजार ठरवणार. दिरांना जुनी पेन्शन आहे. हा फरक मी कधी बोलून दाखवला नाही, पण या फॉर्मसमोर बसलं की तो डोळ्यांपुढून हलत नाही.

तरी सरळ नाही म्हणता येत नाही, त्याला कारण आहे. मी शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा मानधन महिन्याला ३००० रुपये होतं. त्यावर तीन वर्षं काढायची होती. यांचंही तेव्हा नीट बस्तान बसलेलं नव्हतं. भाऊजींनी आम्हाला त्यांच्याकडे ठेवून घेतलं. घरखर्चाला एक रुपया मागितला नाही. मुलगी झाली तेव्हा जाऊबाईंनी बाळंतपण केलं, आणि मी शाळेत रुजू झाल्यावर तिला सांभाळलंही त्यांनीच. हजेरीपटापासून शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीपर्यंत सगळं भाऊजींनी शेजारी बसून शिकवलं. माणूस लबाड नाही, हे मला पक्कं माहीत आहे. माझी भीती त्यांच्या हेतूची नाही, आकड्यांची आहे.

आकडे असे. १५ लाख ३६ महिन्यांत फेडायचे तर व्याज न धरताही महिन्याला जवळजवळ ४२ हजार होतात. एवढा हप्ता त्यांच्या पगाराला झेपणारा नाही. त्यामुळे "नोकरीत असेपर्यंत जमेल तेवढं कापलं जाईल, बाकीचं ग्रॅच्युइटीतून एकरकमी भरू," असं ते म्हणतात. पण त्याच ग्रॅच्युइटीतून पुतणीचं लग्न करायचं, हेही घरात ठरलेलं आहे. आणि मुलाचा व्यवसाय चालला नाही तर? निवृत्तीनंतर पगारच नाही, तर कपात कशातून होणार?

आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) एका बाईंच्या पगारातून दर महिन्याला दुसऱ्याच्याच कर्जाचा हप्ता जातो. कर्ज घेतलेले गुरुजी निवृत्त होऊन गावी गेले. बाईंच्या अजून बऱ्याच वर्षांच्या नोकरीकडे बघूनच संस्था निवांत आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत त्या हे सांगत होत्या तेव्हा मला घास गिळवेना.

सासूबाई म्हणतात, "सही तर करायची, पैसे थोडेच मागतोय तो?" हे काहीच बोलत नाहीत. भावाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही आणि मला हो म्हण असंही सांगवत नाही. रात्री उशिरापर्यंत नुसते मोबाईल बघत बसतात.

मला हे विचारायचं आहे: जामीनदाराची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत असते? संस्था आधी त्यांच्याकडून वसूल करून मग माझ्याकडे येणार, की थेट माझ्याकडेही येऊ शकते? ठरावीक रकमेपुरताच जामीन देता येतो का? आणि नाही म्हणायचं तर ते कसं म्हणायचं, की ज्या घराने मला उभं केलं ते तुटणार नाही?

प्रतिसाद १

ताई, मी सहकार खात्यातून निवृत्त झालो. तुमच्यासारख्या अनेक जणी कागद घेऊन टेबलापुढे रडताना पाहिल्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १२८. करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, सगळं. आधी कर्जदाराकडे जा मग माझ्याकडे या, असं तुम्ही संस्थेला सांगू शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला काढतात, त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. पगारातून कपातीसाठी कलम ४९ आहे. सभासदाने तसा करार लिहून दिला असेल तर संस्थेने कळवल्यावर आस्थापनेला, म्हणजे पगार देणाऱ्या कार्यालयाला, कपात करावी लागते. तुमच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जामीनदाराचंही तसं संमतिपत्र आहे का, ते आधी बघा.

तुमची निवृत्तीबद्दलची शंका तर अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार निवृत्तांची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सावकाराला जप्त करता येत नाही. त्यांनी स्वतःहून भरली तर भरली. म्हणजे ते निवृत्त झाले की वसुलीसाठी सगळ्यात सोपा पगार तुमचा. तुमच्या केंद्रातल्या बाईंचं तेच झालं असणार.

तुम्ही भरलेले पैसे कलम १४५ खाली दिरांकडून मागता येतात, पण त्यासाठी सख्ख्या दिरावर दावा लावावा लागेल. तो तुम्ही लावणार आहात का, ते स्वतःला विचारा.

ठरावीक रकमेपुरता जामीन कायद्याने चालतो, पण संस्थांचे छापील नमुने सहसा पूर्ण रकमेचे असतात. एक गोष्ट मात्र बारकाईने वाचा. जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून कलम १३३ त्याला मोकळं करतं. म्हणूनच संस्था पुढच्या सगळ्या बदलांची संमती आजच लिहून घेतात. नवं-जुनं करायची सवय असलेल्या कर्जदाराच्या बाबतीत ते एक वाक्य फार महाग पडतं.

प्रतिसाद २

मीही शिक्षिका आहे, खाजगी अनुदानित शाळेत. कायद्याचं वर आलंच आहे, मी घरातलं बोलते.

ताई, हे बोलणं तुमचं नाहीच. तुमच्या मिस्टरांचं आहे. सुनेने नाही म्हटलं की "कमावती झाली, विसरली" एवढंच उरतं. भावाने भावाला समोर बसवून हिशोब दाखवला तर तो हिशोब राहतो. आणि ते सासूबाईंच्या समोरच व्हायला हवं, फोनवर नाही. त्यांना १५ लाख हा आकडा कळतच नाही कदाचित. दर महिन्याला किती कापले जातील आणि त्या महिन्यात त्यांची औषधं कशातून येतील, हे कळेल.

दुसरं, कर्ज घ्यायलाच विरोध करू नका. कर्ज कमी करायला सांगा. निवृत्तीच्या आत पगारातून पूर्ण फिटेल एवढंच. उरलेलं मुलाने स्वतःच्या नावावर, यंत्रसामग्री तारण ठेवून बँकेकडून घ्यावं. व्यवसाय त्याचा आहे, तर कर्जावर त्याचं नाव का नको? आमच्याकडे माझ्या भाच्याच्या वेळी असंच केलं. सुरुवातीला रुसवे झाले, पण मुलगा हप्त्याच्या धाकाने कामाला लागला.

उपकार फेडायचे असतील तर तुम्हाला झेपेल ती रक्कम परत न मागण्याच्या बोलीवर द्या. पुतणीच्या लग्नात द्या. ते तुमच्या हातात राहतं, जामीन राहत नाही. आणि संस्थेत कर्जदार सभासदाच्या मृत्यूनंतर कर्ज माफ होण्याचा काही निधी किंवा विमा आहे का, तेही विचारून ठेवा. अनेक शिक्षक पतसंस्थांत तशी योजना असते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचं वाक्य आलं तेव्हा यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

रविवारी हे एकटेच भाऊजींशी बोलणार होते. मी आग्रह धरला की सासूबाई आणि जाऊबाई दोघीही असू देत. भाऊजींना वाईट वाटलं, ते लपलं नाही. "तुमच्यावर वेळ आली तेव्हा मी हिशोब मांडला नव्हता," असं ते म्हणाले. ते खरंच आहे, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. पण अनपेक्षितपणे बोलल्या त्या जाऊबाई. आधीच्या कर्जाची बाकी किती हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे संस्थेचा खातेउतारा मागितला. उताऱ्यावर साडेचार लाख बाकी निघाली.

बराच वेळ बोलणं झाल्यावर आकडा सात लाखांवर आला, जुनी बाकी धरून. म्हणजे ३६ महिन्यांत व्याजासह पगारातून फिटेल, असं भाऊजींनी स्वतः वहीत मांडून दाखवलं. व्यवसायाचं उरलेलं कर्ज पुतण्या बँकेकडून घेणार. तो बसल्या जागी गप्प होता, पण नाही म्हणाला नाही. एवढ्या रकमेला मी जामीन राहायला तयार आहे. ते कर्ज माझ्यावर आलंच तर आम्ही अडचणीत येऊ, पण घर जाणार नाही, इतपत हिशोब आम्ही दोघांनी करून पाहिलाय. सासूबाई अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

आता एकच अडलंय. काकांनी सांगितल्याप्रमाणे फॉर्मची मागची बाजू वाचली. पगारातून कपातीची संमती आहेच, आणि खाली "या कर्जाच्या मुदतवाढीस, वाढीव रकमेस अथवा नूतनीकरणास माझी संमती आजच आहे व जामीन कायम राहील" असंही छापलंय. हे वाक्य खोडून, शेजारी सही करून फॉर्म दिला तर संस्था तो घेते का? की सात लाखांपुरताच जामीन असल्याचं वेगळं पत्र देऊन त्याची पोच घ्यावी? कुणी असं केलं असेल तर कृपया लवकर सांगा. सोमवारी शाळा सुटल्यावर भाऊजींबरोबर संस्थेत जायचं आहे.