ऑस्ट्रेलियात माणूस नक्की कधी पोचला? ५० हजार की ६५ हजार वर्षांपूर्वी?

चकमक:
एकीकडे ६५ हजार वाचायला मिळतं, दुसरीकडे ५० हजार. अमेरिकेचंही तेच: आधी १३ हजार, मग १४,५००, आता २३ हजार. एवढी तफावत कशी? कार्बन-१४ने (सजीव मेल्यावर त्यातला हा किरणोत्सारी कार्बन घटत जातो, त्यावरून वय काढतात) हा वाद का मिटत नाही?

कोळसा:
कारण ऑस्ट्रेलियाच्या प्रश्नात कार्बन-१४ची धावच संपते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. सात वेळा निम्मं झालं की ४० हजार वर्षं होतात आणि मूळच्या ०.८ टक्केच उरतो. ५० हजारांच्या पुढे मोजण्यासारखं काही राहत नाही.

त्यात भेसळीची गोची. एक लाख वर्षं जुन्या कोळशात १ टक्का आजचा कार्बन मिसळला (बारीक मुळं, मातीतून झिरपलेलं ह्युमिक आम्ल), तर उत्तर येतं सुमारे ३७ हजार! म्हणून कोळसा आधी आम्ल, मग अल्कली, पुन्हा आम्ल असा धुतात. हाडाचं थेट मोजमाप न करता त्यातलं कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढतात. एखाद्या जुन्या तक्त्यात सगळ्या तारखा ३५-४० हजारांशी गर्दी करून असतील, तर ती पद्धतीची भिंत असू शकते, माणसांच्या आगमनाची वेळ नव्हे.

गारगोटी:
६५ हजार हा आकडा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मजेदबेबे इथला, आणि तो ल्युमिनेसन्सचा आहे. गारगोटीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, ते यात मोजतात. गाडल्यावर आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे कणांत ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती रिकामी होते. म्हणून थरात अपारदर्शक नळी ठोकून नमुना घेतात, तोंडं बंद करतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात उघडतात. नळीच्या टोकांकडची माती वयासाठी वापरत नाहीत, तिला उजेड लागलेला असतो.

हिशोब साधा: साठलेला डोस १०० ग्रे (किरणोत्साराच्या डोसचं एकक) आणि दर हजार वर्षांना २ ग्रे, तर वय ५० हजार. चुका दुसऱ्या आकड्यात, म्हणजे दरात, शिरतात. पाणी किरणोत्सार अडवतं, त्यामुळे थर पूर्वी किती ओला होता याचा अंदाज १ टक्क्याने चुकला तरी वय साधारण तेवढंच सरकतं. गाडण्यापूर्वी पुरेसं ऊन न मिळालेले कण वय फुगवतात. ते ओळखायला एकेक कण स्वतंत्र मोजतात.

पण मजेदबेबेतला खरा वाद वाळूच्या वयाचा नाहीच. वाळू ६५ हजार वर्षांची असेल, पण हत्यारं तेवढीच जुनी कशावरून? वाळवी वाळू वर आणते आणि दगड हळूहळू खाली बसतात, हा मुख्य आक्षेप. उत्खनन करणाऱ्यांनी फुटलेल्या हत्यारांचे तुकडे जुळवून ते किती खाली-वर सरकलेत हे तपासलं. सगळ्यांचं समाधान झालेलं नाही.

चकमक:
मग जनुकांवरून ठरवता येणार नाही का?

वंशवेल:
येतं, पण तो प्रश्न वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींमध्येही निअँडरथल या नामशेष मानवजातीचा अंश आहे, आफ्रिकेबाहेरच्या इतर सर्वांसारखाच. तो संकर साधारण ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. म्हणजे आजच्या लोकांचे मुख्य पूर्वज त्यानंतरच तिथे पोचले. ६५ हजारांपूर्वी कुणी आलं असेलच, तर त्यांचा वंश फारसा उरला नाही. इस्रायलमधल्या स्खूल-कफ्झे इथे साधारण एक लाख वर्षांपूर्वीची आपल्याच जातीची माणसं सापडतात, पण तीही आपली थेट पूर्वज दिसत नाहीत. ‘पहिले आले’ आणि ‘टिकले’ या दोन तारखांची सरमिसळ बातम्यांत सर्रास होते.

कोळसा:
अमेरिकेचं उदाहरण उलट्या टोकाचं. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सचे पाऊलठसे कार्बनच्या आवाक्यात आहेत. २०२१ मध्ये २३ ते २१ हजार हे वय आलं ते रुप्पिया या पाणवनस्पतीच्या बियांवरून. आक्षेप रास्त होता: पाण्यात बुडालेली वनस्पती चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन घेते, म्हणून बी आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं. मग २०२३ मध्ये त्याच थरांतले सूचिपर्णी झाडांचे परागकण मोजले, कारण ही झाडं कार्बन हवेतून घेतात. एकेका नमुन्याला सुमारे ७५ हजार कण वेगळे करावे लागले. सोबत गारगोटीचं ल्युमिनेसन्सही केलं. तिन्ही उत्तरं जुळली. मजेदबेबेसाठी अशी दुसरी स्वतंत्र पद्धत हाताशी नाही, म्हणून तिथलं भांडण चालूच आहे.